प्राध्यापक पाहिजेत : सिडनहॅम ते मेहकर

रात्रीचे साडेअकरा. लाईट दोनदा जाऊन आलेली. मेहकरच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय आणि शेजारी ताई. माझी चुलत बहीण. पुण्याजवळच्या एका खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात इतिहासाच्या सहायक प्राध्यापकाची जागा निघालीय आणि शेवटची तारीख उद्याची आहे. फॉर्मवर एक रकाना आहे : 'पीएच.डी. प्रदान झाली आहे का?' पर्याय दोनच, होय किंवा नाही. ताईचा प्रबंध जमा झालाय, तोंडी परीक्षाही झालीय, पण विद्यापीठाचं नोटिफिकेशन अजून आलेलं नाही. म्हणजे खरं उत्तर 'जवळजवळ होय' असं आहे. ड्रॉपडाऊनमध्ये ते नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. असे ड्रॉपडाऊन बनवूनच माझं पोट चालतं, त्यामुळे राग कोणावर काढावा हेही कळेना.

"नाही टाक," ताई म्हणाली. "बाबासाहेबांचीही नव्हती."

मला वाटलं ती गंमत करतेय. पण ती इतिहासाची बाई आहे, तारखांवर गंमत करत नाही. त्या रात्रीपासून पुढचे दोन आठवडे मी ऑफिसचं काम संपलं की हेच वाचत होतो : आपल्याकडे प्राध्यापक नेमतात कसे, आणि आधी कसे नेमायचे?

आधी ताईचं सांगतो. एम.ए., सेट, प्रबंध पूर्ण, आणि सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणं. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी : तुम्ही वर्गात उभे राहता तेवढ्या तासांचे पैसे. पेपर तपासणं, नोट्स काढणं, कॉलेजच्या गॅदरिंगला खुर्च्या मांडून घेणं हे धरत नाहीत. दिवाळीची सुट्टी म्हणजे बिनपगारी सुट्टी. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, आणि बिल निघतं तेव्हा निघतं. ताई दोन गावांत दोन कॉलेजं करते, एसटीनं. एकदा कायम जागेची जाहिरात आली. मुलाखत छान झाली. मग बाहेर व्हरांड्यात एक गृहस्थ काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी हुशार आहे, प्रश्नच नाही. तुमच्याच्यानं किती जमेल?" काका घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, चार एकर विकले तरी अर्धं होईल.

संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांनी असे अर्ज केलेत त्यांना नावाची गरजही नाही.

तर इतिहास. नेट परीक्षा १९८९ पासूनची. त्याआधीचे प्राध्यापक बहुतेक करून शिफारशीने, ओळखीने, बोलावण्याने आले. एकोणिसाव्या शतकात तर पदवीसुद्धा नसायची. केरो लक्ष्मण छत्रे यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. ते कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता गणित आणि ज्योतिष शिकले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक त्यांचे विद्यार्थी. आजच्या पोर्टलवर केरूनाना पहिल्या पानावरच अडकले असते. दादाभाई नवरोजी १८५० च्या दशकात एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांना तिथल्याच इंग्रज प्राध्यापकांनी विद्यार्थिदशेपासून ओळखलेलं होतं.

सरकारी कॉलेजांत मात्र ओळख पुरेशी नव्हती, कातडीही लागायची. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, तेव्हा त्यांना त्याच कामासाठी युरोपियन प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला गेला. त्यांनी शिकवणं चालू ठेवलं आणि तीन वर्षं पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारनं पूर्ण रक्कम मागील बाकीसह दिली. तीन वर्षं बिनपगारी शिकवणं हे वाचून ताई म्हणाली, "ह्यात नवल काय?"

त्याच साली पुण्यात वेगळीच गोष्ट सुरू झाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. इथे प्राध्यापक हे नोकर नव्हते. ते 'आजीव सभासद' होते, म्हणजे वीस वर्षं शिकवण्याची शपथ, पगार महिना पंचाहत्तर रुपयांच्या घरात, आणि संस्था चालवायची तीसुद्धा त्यांनीच. वामन शिवराम आपटे, टिळक, गोखले, आणि अकोल्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक झालेले आगरकर. (आगरकरांचा अकोल्याशी संबंध निघाला की आम्हा वऱ्हाडातल्या लोकांची छाती जरा फुगते. चालायचंच.) गोखले पडेल तो विषय शिकवायचे : इंग्रजी, गणित, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. वादाचा एक मोठा मुद्दा असा होता की आजीव सभासदानं बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई करावी की नाही. टिळकांचं म्हणणं, करू नये. गणिताची जागा रिकामी झाली आणि गोखल्यांनी मुंबईत शाळांतून शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांना बोलावलं. कर्वे १८९१ मध्ये आले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. महर्षी वगैरे सगळं त्या गणिताच्या तासांच्या आजूबाजूला घडलं.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं तर मला पटेचना. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, असा पहिला भारतीय. आज असा निकाल लागला तर जगातलं कुठलंही विद्यापीठ दार उघडून उभं राहील. हा माणूस शब्द दिला होता म्हणून पुण्याला परत आला आणि त्याच पंचाहत्तरच्या पंगतीत बसला. १९०२ पासून बावीस वर्षं प्राचार्य. धर्मानंद कोसंबी, ज्यांच्याकडे पदवी नव्हती, पण जे पाली शिकण्यासाठी सिलोन आणि ब्रह्मदेश पालथे घालून आले होते, ते १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते.

आज लिबरल आर्ट्सच्या माहितीपत्रकांत 'लहान वर्ग, शिक्षकांचं स्वातंत्र्य, अनेक विद्या एकत्र' असं लिहिलेलं असतं, ते वाचून मला हे फर्ग्युसन आठवतं. पण मी हे उत्साहानं सांगितल्यावर ताईनं एकच प्रश्न विचारला : "ह्यातल्या कोणी अर्ज केला होता?"

नव्हता. बोलावणं आलं होतं. आणि बोलावणं त्यालाच येतं ज्याला बोलावणारा ओळखतो. त्या सुरुवातीच्या फर्ग्युसनची नावं पुन्हा वाचा, आडनावं वाचा. त्याग खराच होता, पण तो करण्याची संधी एकाच ओसरीवर बसलेल्यांना होती. मेहकरच्या शेतकऱ्याच्या पोराला पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं देण्याची शपथ घ्यायला कोणी सांगितलं नसतं. कॉलेजच नव्हतं म्हणा. नागपूरला हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. वऱ्हाडात अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघायला १९२३ उजाडलं. पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली ती त्यानंतर, १९३२ मध्ये. पैनगंगेच्या ह्या काठावरून कॉलेज ही फार दिवस लांबची गोष्ट होती.

म्हणून अर्ज ही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्याला कोणी बोलावणार नाही त्याच्या हातात तेवढंच असतं.

आता १९१८. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा रिकामी झाली. अर्ज करणारा सत्तावीस वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा. शिक्षण : कोलंबियाची एम.ए., १९१५. डॉक्टरेटचा प्रबंध लिहून दिलेला, पण कोलंबियाच्या नियमाप्रमाणे छापील प्रती दिल्याशिवाय पदवी नाही, आणि ती प्रत्यक्ष मिळाली १९२७ मध्ये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास अर्धवट, कारण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परतावं लागलं. ग्रेज इन, अर्धवट. प्रकाशनं : जातिसंस्थेवरचा निबंध १९१७ मध्ये इंडियन अँटिक्वरीत, आणि १९१८ मध्येच छोट्या शेतजमिनींवरचा एक लेख. आधीची नोकरी : बडोदा संस्थान, १९१७, काही दिवस.

त्या 'काही दिवसां'बद्दल सगळ्यांना माहीत आहे. महाराजांनी शिकवलेल्या माणसाला त्यांच्याच राजधानीत राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईला येऊन शिकवण्या केल्या, शेअरबाजाराबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना.

रिझ्युमेच्या भाषेत ह्याला 'गॅप' म्हणतात. मी स्वतः एचआरच्या लोकांना अशा गॅपवर प्रश्न विचारताना ऐकलंय.

जागा मिळाली. धनंजय कीर लिहितात की मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी आंबेडकरांची लंडनमध्ये ओळख झाली होती आणि तिचा उपयोग झाला. ज्याचं नाव दारावर, त्याचीच शिफारस. पात्रता डोंगराएवढी असूनही शिफारस लागली, हे मला खटकलं. ताईला नाही खटकलं. तिच्या मते फरक इतकाच की ह्या वेळी पहिल्यांदा ओळख अर्जाच्या मागून आली, अर्जाच्या ऐवजी नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते रुजू झाले. पगार चारशे पन्नास रुपये. कीरांच्याच चरित्रात आहे की सुरुवातीला विद्यार्थ्यांना ह्या प्राध्यापकाविषयी विशेष काही वाटलं नाही, मग व्याख्यानांची कीर्ती पसरली आणि दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसू लागली. आणि त्याच चरित्रात आहे की प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. स्टाफरूममधला माठ. अर्ज मंजूर होतो, ऑर्डर निघते, वर्ग भरून जातो, आणि माठ तिथेच असतो.

ह्या सव्वा वर्षात त्या माणसानं काय केलं ते बघा. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, पण सरकारी कॉलेजात नोकरी असल्यानं संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. पगारातली बचत केली, परळच्या चाळीत काटकसरीनं राहिले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना ह्या मित्राचं कर्ज मिळवून मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडन गाठलं. आजीव सभासदांच्या वीस वर्षांच्या शपथेसमोर हे सव्वा वर्ष फारच लहान दिसतं. पण ज्याच्या घरी पिढ्यांची शिदोरी नाही त्यानं पगाराकडे पगार म्हणूनच पाहिलं, ह्यात मला काही कमी वाटत नाही. पंचाहत्तर रुपयांत समाधान मानण्यासाठीही आधी काहीतरी असावं लागतं.

पुढे तेच नेमणूक करणाऱ्याच्या खुर्चीत बसले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. आडनाव बघून नेमायचं नाही, हे त्यांनी उलट्या दिशेनंही पाळलं. औरंगाबाद आमच्यापासून एसटीच्या एका दिवसाच्या टप्प्यात. मुंबई-पुण्याचं कॉलेज लांब असताना हे एक जवळ आलं.

ताईच्या फॉर्मकडे येतो. सगळ्यात अवघड रकाना होता 'अध्यापनविषयक भूमिका', इंग्रजीत, दोन पानं. मी इंटरनेटवरून चार नमुने काढले. सगळ्यांत विद्यार्थिकेंद्री, समावेशक, चिकित्सक हे शब्द होते. ताईनं एक लिहून पाहिलं आणि पुसलं. मग मराठीतच लिहीत बसली : पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुली तासाला अर्ध्या वेळ खिडकीतून एसटी बघतात, कारण चारची गाडी गेली तर साडेसहाशिवाय नाही. म्हणून मी महत्त्वाचं आधी शिकवते. ते मी इंग्रजीत केलं. चांगलं केलं का, माहीत नाही. 'चारची गाडी' इंग्रजीत नुसती बस होते.

'नाही' हा पर्याय टाकून फॉर्म गेला. तीन आठवड्यांनी मेल आला : वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक व्याख्यान, विषय तुमच्या आवडीचा.

ताईनं घेतला १९१८ चा तोच छोट्या शेतजमिनींवरचा लेख. मला तिनं समजावून सांगितलं तेव्हा कळलं की त्यात नेहमीच्या बोलण्याच्या उलट म्हणणं आहे. तुकडे पडतात ही खरी अडचण नाही. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल किती लावता ह्यावर ठरतं. आणि जमिनीवर माणसांचा जो जादा भार आहे तो उद्योग वाढल्याशिवाय उतरणार नाही. हे सांगायला तिनं आमचाच सातबारा घेतला. आजोबांच्या नावचा एक गट, मग काका आणि बाबा, मग आम्ही सगळे. पोस्टरच्या कागदावर मी पिढीगणिक चौकोन काढून दिले.

रात्री जेवणं झाल्यावर तालीम. वर्ग म्हणजे मी, काका, काकू आणि शेजारची दोन पोरं. ताईनं घड्याळ लावलं. सोळाव्या मिनिटाला काकूनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"म्हंजे पोरी, वावर इकून तुह्या नोकरीले पैसे भरले असते तं सायबाच्या हिशोबानं ते बरोबर झालं असतं का चूक?"

काकांनी मान खाली घातली. ताईनं कागदावरच्या चौकोनांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा प्रश्न तिथं कोणी विचारला तर?" मी म्हटलं.

"नाही विचारणार," ती म्हणाली, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. "पहिल्यापासून घेते. आई, हात मध्येच वर नको करू."