आधी जमीन गेली, मग माणसे निघाली

ग्वाटेमालाचे लोक अमेरिकेच्या सरहद्दीवर का येतात? आमच्या मते या प्रश्नाचे मूळ १९५२ सालच्या जमीन कायद्यात सापडते. राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी बड्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटावयास घेतली. युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीला भरपाई देऊ केली, ती तिनेच करासाठी लिहून दिलेल्या किमतीने. करापुरती चाललेली ती किंमत आता कंपनीला परवडेना! जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने उभारलेली फौज देशात घुसली, आर्बेन्स पायउतार झाले. जमिनी काढून घेतल्या, कामगारसंघ मोडले. पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य माया. संप मोडला तर कामगार गावी परततो. गावच मोडले तर त्याने कोठे जावे?