अंगणात आलेल्या खाटा : मुलांची रुग्णालये आणि मोकळ्या हवेचा इतिहास

(१)
इ.स. १९००. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बॅसचर्च या खेड्यात ॲग्नेस हंट या परिचारिकेने अपंग मुलांसाठी एक शुश्रूषागृह उघडले. घर जुने होते. कुबड्यांवर चालणाऱ्या, खाटेला खिळलेल्या मुलांना जिन्याने वर-खाली नेणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून मुलांच्या खाटा बागेतील उघड्या छपरांखाली मांडल्या गेल्या. अडचणीपोटी केलेली ही सोय पुढे एका उपचारपद्धतीचा पाया ठरली.

(२)
ॲग्नेस हंट (१८६६–१९४८) स्वतः आयुष्यभर अपंगत्व सोसत होत्या. बालपणी झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाने त्यांच्या कमरेचा सांधा अधू झाला होता. अंथरुणावर पडून राहणाऱ्या मुलाचा दिवस किती लांबतो, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. उघड्यावर राहणाऱ्या मुलांची भूक वाढते, झोप सुधारते आणि चेहरे खुलतात, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले.

(३)
या मुलांपैकी अनेकांना हाडांचा व सांध्यांचा क्षय होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता. औषध मात्र कोणाकडेच नव्हते. बाधित गाईंच्या कच्च्या दुधातून हा रोग अनेक मुलांपर्यंत पोहोचत असे. पाठीचा कणा किंवा मांडी फळीला जखडून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे निजवून ठेवणे, हाच मुख्य उपचार होता. औद्योगिक शहरांत हा काळ धुरकट हवेत आणि बंद दालनांत सरत असे.

(४)
पुढे लिव्हरपूलचे नामांकित अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स या कामाशी जोडले गेले आणि बॅसचर्चला येऊन शस्त्रक्रिया करू लागले. शहरातील शल्यविशारदाचे कौशल्य आणि खेड्यातील मोकळी हवा यांचा असा संयोग झाला. १९२१ मध्ये हे रुग्णालय ऑस्वेस्ट्रीजवळ हलले. आज ते या दोघांच्याच नावाने ओळखले जाते.

(५)
त्याच सुमारास युरोपात सूर्यप्रकाशाला वैद्यकीय प्रतिष्ठा लाभत होती. प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडच्या लेझाँ या डोंगरगावी सूर्योपचाराचे रुग्णालय सुरू केले. त्यांची पद्धत सबुरीची होती : पहिल्या दिवशी फक्त पावले, तीही काही मिनिटे उन्हात; मग दिवसागणिक थोडे थोडे अंग आणि थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा.

(६)
१९०८ मध्ये इंग्लंडमधील ऑल्टन येथे लंडनचे माजी लॉर्ड मेयर विल्यम ट्रेलोर यांच्या निधीतून क्षयग्रस्त अपंग मुलांचे रुग्णालय उभे राहिले. तेथील वैद्यकीय प्रमुख हेन्री गोव्हेन यांनीही ऊन आणि हवा यांना उपचारात मानाचे स्थान दिले. रुग्णालयाबरोबर शाळाही होती. खाटेवरचे मूल रोगी असले तरी ते शिकणारे, खेळणारे मूलच आहे, हा विचार त्यामागे होता.

(७)
पण ऊन खरेच रोग बरा करत होते का? मुडदुसाबाबत उत्तर स्पष्ट आहे. बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये अतिनील किरणांच्या दिव्याने, तर न्यूयॉर्कच्या हेस आणि उंगर यांनी १९२१ मध्ये प्रत्यक्ष सूर्यप्रकाशाने मुडदूस बरा होतो, हे दाखवले. हाडांच्या क्षयाबाबत मात्र ऊन, सकस आहार, विश्रांती आणि काळ यांपैकी श्रेय कोणाला किती, हे वेगळे काढता येत नाही. तुलनात्मक चाचण्यांचा तो काळ नव्हता.

(८)
या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. वेल्समधील क्रेग-इ-नोस या जुन्या वाड्यात १९२२ पासून क्षयाचे रुग्णालय होते. तेथील मुले उघड्या सज्जांत झोपत. हिवाळ्यात पांघरुणांवर बर्फ साचे. आईवडिलांची भेट महिन्यातून एकदाच होई. हवा भरपूर होती, पण मायेचे माणूस जवळ नव्हते. तेथील कित्येक मुलांनी ही ताटातूट म्हातारपणापर्यंत मनात बाळगली.

(९)
१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र पालटू लागले. दुधाच्या निर्जंतुकीकरणाने रोगाचा एक मार्गही बंद होत गेला. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रातील प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष आले : नियमित औषधे घेणारा फुप्फुसांच्या क्षयाचा रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो. आरोग्यधामांचे युग ओसरले आणि उघडे सज्जेही रिकामे झाले.

(१०)
त्याच दशकात ताटातुटीच्या प्रश्नालाही वाचा फुटली. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक चित्रपट तयार केला. १९५९ च्या ब्रिटनमधील प्लॅट अहवालाने पालकांना मुक्त प्रवेश द्यावा, मुलांच्या खेळाची व शिक्षणाची सोय करावी, अशा शिफारशी केल्या. आईला दार उघडले. मात्र मुलांच्या खाटा एव्हाना आत गेल्या होत्या.

(११)
मोकळ्या जगाचे मोल पुन्हा मोजले गेले ते १९८४ मध्ये. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, मुलांवरचा नव्हता. पण त्याने रुग्णालयांच्या रचनेकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

(१२)
आज क्षयावर प्रतिजैविके आहेत आणि उन्हाच्या अतिरेकाचे धोकेही ठाऊक आहेत. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला बाहेर नेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच लागतो. तरीही दीर्घकाळ दाखल असलेल्या मुलाला बागेतला अर्धा तास जे देतो, ते औषधाच्या बाटलीत मिळत नाही : सकाळ-संध्याकाळचा फरक, पाखरांचा आवाज, दुसऱ्या मुलाची ओळख. सूर्योपचारकांचा दावा मोठा होता आणि तो पुरता टिकला नाही. बॅसचर्चच्या बागेतील अनुभव साधा होता, आणि त्यात क्रेग-इ-नोसमध्ये न मिळालेला आईचा हात जोडला, तर मुलांच्या कोणत्याही रुग्णालयाला तो आजही उपयोगी पडावा.