लंगोट, पाणी आणि वाइप्स : नवजात बालकाच्या शौचशुद्धीचा सामाजिक इतिहास
(शीळफाटा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण या प्रश्नांची विपुल चर्चा झाली आहे. बाळंतिणीच्या खोलीत दिवसातून दहा-बारा वेळा घडणारी एक क्रिया मात्र इतिहासकारांच्या नजरेतून सुटली. नवजात बालकाने शी केल्यानंतर त्याचे अंग कशाने स्वच्छ करावे, पाण्याने धुवावे, कापडाने पुसावे की बाजारातून आणलेल्या ओल्या वाइप्सने, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि पाणी कोणी आणायचे, घाणीला हात कोणी लावायचा, घरातील कोणाचे ज्ञान प्रमाण मानायचे आणि बाजाराला घरात किती शिरकाव द्यायचा, हे चारही प्रश्न त्यात दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात या निवडीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

शीळफाटा या स्थळाची निवड हेतुपुरस्सर केली आहे. कल्याण-शीळ रस्ता, मुंब्रा-पनवेल रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. शीळ, डायघर, पडले, खिडकाळी ही जुनी गावे, त्यांना लागून दाटीने उभ्या राहिलेल्या चाळी व इमारती आणि थोड्याच अंतरावर पलावासारखी नियोजित वसाहत असा तिहेरी संसार येथे शेजारी शेजारी नांदतो. बालसंगोपनाच्या तीन पिढ्यांच्या रीती एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहावयास मिळाव्यात, अशी ठिकाणे फार नाहीत.

ग्रंथातील उल्लेख

या विषयाचा सर्वांत लक्षणीय प्राचीन उल्लेख चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात आढळतो. बालकाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ व सुगंधी असावे. घाम, मळ, मूत्र व विष्ठा यांनी दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत. आणि दुसरी वस्त्रे उपलब्ध नसतील तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण कोरडी करून वापरावीत, असे तेथे सांगितले आहे. धुरीच्या द्रव्यांत जव, मोहरी, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादींची गणना आहे. सुश्रुतसंहितेतही बालकाला क्षौमवस्त्रात गुंडाळण्याचा निर्देश येतो.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. संहिताकाराने आधी संपन्न घराची रीत सांगितली आणि मग ज्याच्यापाशी दुसरे वस्त्र नाही त्याची सोय लावली. आज आपण ज्यांना टाकाऊ आणि पुन्हा वापरण्याजोगे लंगोट म्हणतो, त्यांतील भेद मुळात ऐपतीचा होता हे या क्रमावरून स्पष्ट होते. वेखंडाची आणि शेगडीवरच्या धुरीची परंपरा मराठी बाळंतघरात अलीकडेपर्यंत टिकून राहिली. तिचे मूळ या ग्रंथांत असावे की ग्रंथांनीच ती लोकरीतीतून उचलली असावी, याचा निर्णय करणे कठीण आहे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

घरातील रीत

कोकण व ठाणे परिसरातील घरगुती रीत साधारणपणे पुढीलप्रमाणे होती. बाळंतपणाच्या आधीच घरातील जुनी लुगडी व धोतरे काढून त्यांचे लंगोट व दुपटी शिवली जात. नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते, म्हणून अनेकदा धुतलेले, झिजून मऊ झालेले सुती वस्त्रच पसंत केले जाई. आजीच्या नेसण्याच्या लुगड्यात नातवंडाला गुंडाळण्यामागे माया होती हे खरेच. परंतु त्यामागे सुती धाग्याचे अचूक ज्ञानही होते. झिजलेले कापड अधिक पाणी शोषते व त्वचेशी कमी घासते.

लंगोट ओला झाला की लगेच बदलावा लागे, कारण तो ओलावा लपवत नसे. शी झाल्यावर बाळाला आडवे धरून कोमट पाण्याने धुतले जाई व जुन्या कापडाने टिपून कोरडे केले जाई. पाय पसरून बसलेली अनुभवी स्त्री बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते, तशीच तान्ह्या मुलाला पायांवर बसवून शी करवण्याची पद्धतही होती. यात पुसण्यापेक्षा धुण्याला प्राधान्य होते. युरोपातील थंड हवामानात व तेथील शौचसंस्कृतीत पुसण्याला जे स्थान मिळाले, ते येथे कधीच नव्हते. मोठ्या माणसाच्या शौचशुद्धीचा जो नियम, तोच तान्ह्यालाही लागू होता.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. सोयराच्या दिवसांत बाळंतिणीचे व बाळाचे कपडे धुण्याचे काम बहुधा सुईणीकडे किंवा घरातील सर्वांत दुबळ्या स्त्रीकडे येई. स्वच्छता घरची आणि अस्वच्छतेचा स्पर्श दुसऱ्याचा, ही विभागणी पाळण्यापासूनच सुरू होत असे. शिवाय नाळेवर शेण किंवा राख लावण्यासारख्या घातक प्रथा देशात अनेक ठिकाणी होत्या आणि धनुर्वाताने असंख्य अर्भके दगावली. भारतात माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, हे लक्षात घेता जुन्या रीतीचे सरसकट गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही.

कल्याण ते फिलाडेल्फिया

शीळफाट्यापासून जवळच असलेल्या कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना म्हणजेच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा वैद्यकीय मदतीअभावी अवघा दहा दिवस जगला. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पाश्चात्त्य विद्यापीठात जाऊन आपल्याकडील प्रसूतिविषयक ज्ञानाची मांडणी करावी असे एका मराठी तरुणीला वाटले, ही घटना आपण पुरेशा गांभीर्याने वाचलेली नाही. आनंदीबाईंना दोन्ही परंपरा एकमेकींसमोर ठेवावयाच्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि तो संवाद तेथेच थांबला.

त्यानंतरची दिशा वेगळी होती. १८८५ मध्ये स्थापन झालेला लेडी डफरिन निधी, १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेले कामा रुग्णालय, १९०३ पासूनची सुईणींच्या प्रशिक्षणाची व्हिक्टोरिया स्मारक योजना या सर्वांनी मोलाचे कार्य केले. परंतु सुईण ही अज्ञानाची मूर्ती आहे, ही धारणाही याच काळात रूढ झाली. १९२१ मध्ये मुंबई शहरात नोंदला गेलेला अर्भकमृत्यूदर हजारी सहाशेच्या पुढे होता. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद शहरात होत नसे आणि मूल दगावले तर मृत्यूची नोंद मात्र शहरात होई; हा आकडा त्या कारणाने फुगलेला होता. तरीही एका खोलीच्या चाळीत, सामाईक नळावर लंगोट धुणाऱ्या गिरणी कामगार स्त्रीची अवस्था त्यातून कळते.

त्याच १९२१ मध्ये अमेरिकेतील जे. व्ही. कुक यांनी लंगोटाच्या पुरळाचा संबंध जिवाणूंमुळे लघवीतून तयार होणाऱ्या अमोनियाशी जोडला. आजची समजूत अशी की केवळ अमोनिया पुरळ आणत नाही. ओलाव्याने त्वचा मऊ पडते, तिची आम्लता घटते, त्यामुळे विष्ठेतील पाचक द्रव्ये अधिक प्रभावी होतात आणि घर्षणाने त्वचा सोलवटते. लंगोट तत्काळ बदलणे, पाण्याने धुणे आणि टिपून कोरडे करणे या घरगुती क्रमाची कारणमीमांसा यात आपोआप सापडते.

पावडर, डायपर, वाइप्स

स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय बाळंतविड्यात पावडरीचा डबा आला. जॉन्सन अँड जॉन्सनचा मुलुंडचा कारखाना ठाण्याच्या वेशीवरच उभा राहिला. लंगोट बदलताना जांघेत पावडर टाकणे म्हणजेच स्वच्छता, असा समज दोन पिढ्यांत दृढ झाला. त्याच मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडरीचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये रद्द केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्दबातल ठरवला. संगजिऱ्याची पावडर २०२३ पासून जगभर थांबवण्याची घोषणा कंपनीने २०२२ मध्येच केली होती.

अमेरिकेत १९६१ मध्ये बाजारात आलेला पॅम्पर्स आणि १९९० च्या दशकात भारतात आलेला हगीज यांनी लंगोटाची जागा घेतली. वाइप्स त्यांच्या मागोमाग आले. याविषयी वारंवार उद्धृत होणारे संशोधन मँचेस्टर विद्यापीठातील टीना लॅव्हेंडर व सहकाऱ्यांचे आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८० अर्भके होती आणि विशिष्ट वाइप्स व ओला कापूस यांचा त्वचेच्या आर्द्रतेवरील परिणाम समतुल्य आढळला. या अभ्यासाला जॉन्सन अँड जॉन्सनचे अर्थसाहाय्य होते. परंतु त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. तुलना झाली ती पुसण्याच्या दोन प्रकारांची. मराठी घरातील धुण्याची पद्धत त्या तुलनेत कोठेच नव्हती. तरीही त्या निष्कर्षाच्या आधारे ‘वाइप्स पाण्याइतकेच सुरक्षित’ हे विधान आपल्याकडे केले जाते, तेव्हा ‘पाणी’ या शब्दाचा अर्थच बदललेला असतो. वाइप्समधील मेथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाला अमेरिकन संपर्क-त्वचादाह संस्थेने २०१३ चे ‘वर्षाचे ॲलर्जीकारक द्रव्य’ ठरवले होते, हेही विसरता येत नाही.

घरातील स्त्रीचे ज्ञान आणि वैद्यकशास्त्र यांचा आनंदीबाईंबरोबर थांबलेला संवाद गडचिरोलीत पुन्हा सुरू झाला, असे म्हणता येईल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती सेवेचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. गावातील स्त्रीला नालायक न ठरवताही विज्ञान घरात नेता येते, याचा हा पुरावा होय.

पाणी आणि कचरा

शीळफाट्याच्या चाळीत राहणाऱ्या मातेसमोर हा वाद सैद्धांतिक राहत नाही. धुण्याची रीत कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तिला पाणी लागते, आणि लंगोट धुवायला त्याहून अधिक लागते. बारवी धरण याच जिल्ह्यात १९७२ पासून उभे आहे. तथापि परिसरातील अनेक वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पिंपात साठवलेले पाणी स्वयंपाकाला ठेवावे की लंगोटाला, अशी निवड असेल तर वाइप्सचे पाकीट विकत घेणारी माता जाहिरातीला भुललेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उलट, चोवीस तास पाणी असलेल्या वसाहतीत तेच पाकीट केवळ सोयीचे चिन्ह असते. वस्तू एकच, पण एका घरी ती टंचाईतून आली आणि दुसऱ्या घरी सुबत्तेतून. सासर-माहेर दोन्ही दूर असलेल्या, नोकरीसाठी येथे आलेल्या कुटुंबात पायांवर बाळ घेणारी आजीच नसते, ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे.

वापरलेले डायपर व वाइप्स यांचे पुढे काय होते, हा या इतिहासाचा शेवटचा टप्पा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डायपर वेगळे गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर आणि त्यासाठी पाकिटे पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. प्रत्यक्षात मिश्र कचऱ्यातून ते हाताने वेगळे करणारा सफाई कामगार हाच सुईणीचा आधुनिक वारस ठरला. २०२३ मध्ये दिव्यातील कचराभूमी बंद झाली. ठाणे शहराचा कचरा आधी भंडार्लीच्या तात्पुरत्या जागेवर आणि पुढे डायघरच्या प्रकल्पाकडे वळवण्यात आला. ही तिन्ही नावे शीळफाट्याच्या आसपासच्या गावांची आहेत. शहराने पाळण्यातून बाहेर टाकलेली घाण, जेथे तान्ह्याला धुवायला पाणी पुरत नाही त्याच गावांच्या शिवारात येऊन पडते.