अवरक्त खगोलीय उपकरणांची जडणघडण : मुंबईतील प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आधुनिक भारतातील विज्ञानाचा इतिहास बहुधा संस्था व त्यांचे संस्थापक यांच्याभोवती लिहिला गेला आहे. उपकरणांचा इतिहास त्यामानाने उपेक्षित राहिला. वास्तविक, शास्त्रज्ञाला काय दिसू शकते हे त्याचे उपकरण ठरविते. प्रस्तुत निबंधात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अवरक्त खगोलशास्त्रीय उपकरणांच्या विकासक्रमाचा आढावा घेऊन ‘स्वदेशी उपकरण’ या संज्ञेचा नेमका अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवला, तेव्हा तेथेही तापमान वाढल्याचे त्यांना आढळले. हेच अवरक्त किरण होत. धुळीच्या ढगांआड जन्मणारे तारे दृश्य प्रकाशात दिसत नाहीत. अवरक्त किरण मात्र त्या धुळीतून बऱ्याच प्रमाणात पार होतात. या निरीक्षणात दोन प्रमुख अडचणी असतात. वातावरणातील बाष्प हे किरण शोषून घेते आणि सभोवतालची प्रत्येक उबदार वस्तू, खुद्द दुर्बीणसुद्धा, अवरक्त किरण उत्सर्जित करते.

ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा सहज स्पष्ट होतो. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील वांगणी हे गाव हौशी आकाशनिरीक्षकांना सुपरिचित आहे. तेथे डोळ्यांनी व लहान दुर्बिणींनी तारे पाहता येतात. परंतु कोकणच्या दमट हवेत अवरक्त वेधशाळा उभारणे व्यवहार्य नाही. त्यामुळे उपकरण मुंबईत घडवायचे आणि वेध दूरच्या कोरड्या, उंच प्रदेशातून घ्यायचे, हे या इतिहासाचे भौगोलिक सूत्र ठरले.

बलूनपासून पर्वतशिखरापर्यंत :
दूर-अवरक्त किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. म्हणून टाटा संस्थेच्या गटाने १०० सें.मी. व्यासाची दुर्बीण हैदराबाद येथील संस्थेच्याच केंद्रातून बलूनद्वारे सुमारे ३० कि.मी. उंचीवर पाठविण्याचा मार्ग स्वीकारला. तिच्यावरील शोधक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने ०.३ केल्विनपर्यंत थंड केले जात. पुढे जपानी संशोधकांच्या सहकार्याने १५८ मायक्रॉन तरंगलांबीची कार्बनची रेषा टिपणारा वर्णपटमापकही या दुर्बिणीवर बसविण्यात आला. प्रत्येक उड्डाण काही तासांचे असे. यंत्रणा पॅराशूटने खाली आल्यावर ती शोधून, दुरुस्त करून पुन्हा वापरावी लागे. या शिस्तीतून शीतकरण, निर्वात पात्रे व अचूक दिशानियंत्रण यांचे कौशल्य गटाच्या अंगवळणी पडले.

निकट-अवरक्त किरण मात्र उंच पर्वतांवरून टिपता येतात. गटाच्या पहिल्या कॅमेऱ्यातील शोधकात ५८ × ६२, म्हणजे केवळ ३,५९६ बिंदू होते. तो माउंट अबू येथील १.२ मीटर दुर्बिणीवर वापरण्यात आला. त्यानंतरच्या ‘टिरकॅम-२’मध्ये ही संख्या ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ झाली. हेलियमवर चालणाऱ्या बंद चक्राच्या शीतकाने त्याचा शोधक ३५ केल्विनवर ठेवला जातो. पुण्याजवळील गिरावली येथील आयुकाच्या २ मीटर दुर्बिणीवर त्याची पारख झाली. नैनितालजवळील देवस्थळ येथे ३.६ मीटर दुर्बिणीचे २०१६ साली उद्घाटन झाल्यावर तो तेथे बसविण्यात आला.

दरम्यान २०१३ साली लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील २ मीटर हिमालयन चंद्रा दुर्बिणीवर ‘टिरस्पेक’ कार्यान्वित झाले. प्रतिमा व वर्णपट ही दोन्ही कामे ते १ ते २.५ मायक्रॉन पट्ट्यात करते. २०१९ साली देवस्थळच्या दुर्बिणीवर आलेल्या ‘टॅनस्पेक’ने हा आवाका ०.५५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशापर्यंत वाढविला.

स्वदेशीचा प्रश्न :
ही वाटचाल अभिमानास्पद असली तरी तिची चिकित्सा आवश्यक आहे. या कॅमेऱ्यांचे हृदय असलेले शोधक अमेरिकेतून आलेले आहेत. ‘टिरस्पेक’ व ‘टॅनस्पेक’ हवाई येथील एका कंपनीच्या सहयोगाने घडविण्यात आले. मग ही उपकरणे भारतीय म्हणावीत काय? कोणत्या प्रश्नासाठी कोणते उपकरण हवे हे ठरविणे, ते दुर्बिणीशी जुळविणे, त्याच्या त्रुटी मोजणे आणि वर्षानुवर्षे ते चालू ठेवणे, ही कामे येथील लोकांनी केली. या अर्थाने ती भारतीय आहेत. तथापि शोधकनिर्मितीचे परावलंबन या अभिमानाने झाकले जाऊ नये. सुटा भाग बिघडला की संशोधन परदेशी पुरवठ्यावर अवलंबून राहते. तीस मीटर दुर्बिणीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत २०१४ पासून भागीदार असल्याने हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष :
बलूनच्या काळात अंगी आलेले कौशल्य पुढच्या कॅमेऱ्यांना उपयोगी पडले. म्हणजेच उपकरणनिर्मितीची परंपरा यंत्रांइतकीच माणसांतून वाहते. शोधनिबंधांत शास्त्रज्ञांची नावे टिकतात; कातारी, जोडारी, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ यांची स्मृती मात्र निवृत्तीबरोबर विरते. मुंबईतील प्रयोगशाळा व कारखान्यांत नोकरी करणारा मोठा वर्ग ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे राहत आला आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन अशा निवृत्त तंत्रज्ञांच्या मौखिक आठवणी नोंदविल्यास, विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी पोकळी भरून निघेल. हे काम फार काळ पुढे ढकलता येण्यासारखे नाही.