गावची खोली आणि भाड्याची वही

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. तिघा मित्रांनी मिळून फ्लॅट घेतलाय भाड्याने, करारावर तिघांच्या सह्या. तिसऱ्याची नोकरी गेली, दोन महिने त्याने पैसे दिले नाहीत आणि एके दिवशी बॅग उचलून तो गेला. आता मालक म्हणतो, मला पूर्ण भाडं हवं. "मामा, मी माझा वाटा दिलाय की!"

दिलास रे बाबा. पण १८७२ च्या करार कायद्याला तुझा वाटा वेगळा दिसत नाही. कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून कबुली दिली असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घेणेकरी कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. मग भरणाऱ्याने आपल्या जोडीदारांकडून वसूल करावी. कायद्यात उदाहरणही दिलंय. तिघांनी मिळून ३,००० रुपये देण्याचं कबूल केलं, एकाकडे दमडी नाही आणि दुसऱ्याला सगळे भरावे लागले, तर तो उरलेल्याकडून १,५०० मागू शकतो. हजार नव्हे, दीड हजार. बुडालेल्याचा वाटाही उरलेल्यांच्याच डोक्यावर.

फोन ठेवला आणि आजोबांची वही आठवली.

आमच्या मालवणकडच्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी लालबाग-परळच्या 'गावच्या खोलीत' राहून आलेला असतो. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली चाळीतली एक खोली. बायकामुलं गावी, जेवण खानावळीत, खोलीत फक्त वळकटी आणि ट्रंक. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची जागा मोकळी, त्यामुळे दहा-बारा फुटांच्या खोलीत वीस-वीस माणसं मावायची. मावायची म्हणजे काय, उन्हाळ्यात निम्मी गॅलरीत झोपायची!

आमच्या गावच्या खोलीची पावती आजोबांच्या नावावर होती. ते गोदीत कामाला. तिथे कलम ४३ चा प्रश्नच नव्हता, कारण मालकाच्या लेखी भाडेकरू एकटे आजोबा. बाकीच्यांनी कसला कागद केलाच नव्हता. वर्गणी द्यायची, आजोबांनी वहीत मांडायची, बस्स. ज्याच्याकडे थकेल त्याला गणपतीला किंवा शिमग्याला गावात तोंड दाखवायचं असे, हीच काय ती वसुली.

भाडं तसं किरकोळ. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून टाकलं होतं. पण त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये मेख होती. महिन्याचं भाडं सहा महिने थकलं, भाड्याच्या रकमेबद्दल वाद नसला, आणि नोटीस मिळाल्यावर महिन्याभरातही भरलं नाही, तर कोर्टाला जागा खाली करण्याचा हुकूम द्यावाच लागे. म्हणजे रक्कम छोटी, पण चुकली तर अख्ख्या गावाचं छप्पर जायचं.

तशी पाळी आली १९८२ साली. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने लोक तग धरून राहिले. मग खानावळीची उधारी वाढली. या खानावळी चालवणाऱ्या बायकांचं निराळंच दुःख, त्यांनी वाण्याकडून उधारीवर माल उचललेला. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. असो. पावसाच्या तोंडावर आमच्या खोलीतले गिरणीवाले लावणीला म्हणून गावी गेले आणि बरेच जण परतलेच नाहीत. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, तेव्हा 'संप मिटल्यावर देतो' याला मुदत तरी कुठली?

वहीत त्या वर्षी एकाखाली एक चौदा नावं आहेत, त्यातल्या नऊ नावांपुढे जूननंतर रेघ. उरलेले पाच जण गोदी, गॅरेज, हॉटेल असे कुठे कुठे कामाला. त्यांनी सगळं भाडं भरलं, दोन वर्षांहून जास्त. आजी म्हणायची की त्या काळात गावी मनीऑर्डर कमी यायची. आजोबांचं उत्तर ठरलेलं, "नाव माझा, म्हणान भाडा माझा."

खरी कुरबुर नंतर झाली. ८५ च्या सुमाराला दोघे परत आले आणि ट्रंक ठेवायला जागा मागू लागले. पाचांतले एक जण म्हणाले, आधी थकलेलं द्या. ते म्हणाले, खोली गावची आहे, तुमच्या बापाची नाही. दोघांचंही खरंच होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मी शाळकरी, आजोबा एवढे गप्प का, याचाच राग आला होता. त्यांनी त्या दोघांना जागा दिली. पाचांतले ते गृहस्थ खोली सोडून भांडुपला गेले आणि आमच्या घरी पुन्हा कधी आले नाहीत. त्यांनी भरलेल्या जादा पैशांचा हिशेब वहीत आहे, पण परतफेडीची नोंद नाही. ते पैसे कुणी द्यायचे होते?

रेघ मारलेल्या नऊपैकी तिघांपुढे मागाहून, वेगळ्या शाईत 'पोचले' लिहिलंय. एकाच्या नावापुढे रक्कमच नाही. तिथे आहे, 'तांदूळ दीड मण, सुके बांगडे'.

भाच्याला मी वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मामा, आमचा तिसरा नागपूरचा आहे."