फोडलेलें पाकीट आणि लोकमत

एखाद्या नव्या यंत्राची, अथवा त्या यंत्रावर धंदा करणाऱ्या कंपनीची कांहीं कागाळी वर्तमानपत्रांत आली, कीं सुशिक्षित कुटुंबांतून दोन मतें हटकून ऐकूं येतात. पहिलें असें कीं, "आमच्याजवळ लपविण्यासारखें आहे काय? पाहीनात बापडे!" दुसरें असें कीं, "आतां ओरडून काय होणार? हें असेंच चालावयाचें." पहिलें मत सज्जनाचें, दुसरें संसारांत टक्केटोणपे खाल्लेल्याचें, परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. चहाचे पेले रिकामे होतात आणि विषयही संपतो.

हीं मतें मोबाईलच्या जमान्यांत जन्मास आलेलीं नाहींत. निरोप पोंचविण्याचें किंवा प्रतिमा घेण्याचें नवें साधन निघालें, कीं प्रत्येक वेळीं लोकांनीं हेच दोन उद्गार काढले आहेत. तेव्हां मागें असे प्रसंग आले असतां काय घडलें, हें पाहिल्यास या मतांची किंमत ठरवितां येईल. आमच्या समजुतीप्रमाणें पहिलें मत साफ चुकीचें आहे, व दुसरें अर्धेंच खरें आहे.

प्रथम इंग्लंडांतील टपालाची गोष्ट घेऊं. १८४० सालच्या जानेवारींत तेथें एक पेनीचें टपाल सुरू झालें. तोंपर्यंत पत्राचें हशील अंतरावर अवलंबून असे, व तें बहुधा घेणाऱ्याच्या माथीं पडे; आतां अर्ध्या औंसाचें पत्र देशांत कोठेंही एका पेनींत जाऊं लागलें. १८३९ सालीं सुमारें ७.६ कोटी पत्रें गेलीं होतीं, तीं पुढच्याच वर्षीं १६.९ कोटींवर गेलीं. श्रीमंतांची चैन ती सामान्यांची संवय झाली. मुलगी आईस, कारागीर भावास, व्यापारी आडत्यास मन मोकळें करून लिहूं लागला. मोहोर लावलेलें पाकीट वाटेंत कोणी उघडीत नाहीं, अशी सर्वांची श्रद्धा होती.

या श्रद्धेस १८४४ सालीं तडा गेला. इटलीचा देशभक्त मॅझिनी त्या वेळीं लंडनमध्यें परागंदा होऊन राहत होता. आपलीं पत्रें कोणी फोडतें असा त्यास संशय आला. त्यानें पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस घालून पत्रें पाठविण्यास सांगितलें; पत्रें पोंचलीं, आंतले कण नाहींसे झाले होते. १४ जून रोजीं डंकंब नांवाच्या सभासदानें त्याचा अर्ज पार्लमेंटपुढें मांडला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनीं उत्तर देण्याचें नाकारलें. १७११ सालच्या कायद्यान्वयें मंत्र्याच्या वॉरंटानें पत्र उघडतां येत असे, आणि तसें वॉरंट काढून मॅझिनीचीं पत्रें सुमारें तीन महिने उघडलीं जात होतीं. त्यांतील मजकुराचा सारांश परक्या सरकारांस कळविला गेला, हेंही उघडकीस आलें. त्याच जुलैंत बांदिएरा बंधूंस त्यांच्या सात साथीदारांसह कोझेंत्सा येथें गोळ्या घालण्यांत आल्या. फोडलेल्या पत्रांचा या वधाशीं संबंध किती, याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. परंतु लोकांनीं तो जोडला व देश खवळला.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, खवळलेल्या लोकांपैकीं बहुतेकांजवळ लपविण्यासारखें कांहींच नव्हतें. कार्लाइलनें 'टाइम्स' पत्रांत लिहून मॅझिनीच्या सचोटीची ग्वाही दिली. पण त्याचा मुख्य मुद्दा निराळा होता. मॅझिनी चांगला कीं वाईट हा प्रश्न नसून, इंग्रजी टपालांत पडलेलें मोहोरबंद पत्र पवित्र मानलें जातें कीं नाहीं हा प्रश्न आहे, व पत्र फोडणें हें खिसा कापण्याच्या जातीचेंच कर्म होय, असें त्याचें प्रतिपादन होतें. 'पंच' या विनोदी पत्रानें ग्रॅहॅमसाहेबांची खोड मोडणारीं पाकिटें व तीं चिकटविण्याच्या टिकल्या काढल्या. पत्र चोरून उघडणें या अर्थीं 'ग्रॅहॅम करणें' असें क्रियापदच रूढ झालें.

परिणाम काय झाला? पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनीं चौकशी-समित्या नेमल्या. असलीं वॉरंटें एकट्या ग्रॅहॅमनीं नव्हे, तर दोन्ही पक्षांच्या मंत्र्यांनीं काढलीं होतीं, असें निष्पन्न झालें. टपालखात्यांतील गुप्त कचेरी व सांकेतिक लिपी उलगडणारी शाखा बंद करण्यांत आली. मात्र वॉरंट काढण्याचा अधिकार कायद्यांत जसाच्या तसा राहिला. म्हणजे गवगव्यानें कचेरी मोडली, पण अधिकार मोडला नाहीं. "ओरडून काय होणार" हें मत अर्धेंच खरें, असें आम्ही म्हटलें तें याच अर्थानें.

दुसरा प्रसंग अमेरिकेंतला, आणि तेथें प्रतिपक्षीं सरकार नसून व्यापार आहे. १८८८ सालीं ईस्टमननें कोडॅक नांवाचा हातांत मावणारा कॅमेरा पंचवीस डॉलरांस विकावयास काढला. आंत शंभर चित्रांची फीत भरलेली असे. ती संपली कीं सबंध पेटीच कारखान्याकडे धाडावयाची, म्हणजे चित्रें तयार होऊन परत येत. छायाचित्र घेण्यास आतां समोरच्याची संमति लागेना. १८९० सालच्या डिसेंबरांत वॉरन व ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत एक निबंध लिहून, माणसास एकटें राहूं देण्याचा हक्क कायद्यानें मानला पाहिजे, असें मांडलें. तत्काल छायाचित्रें व चव्हाट्यावरच्या गोष्टी विकणारीं वर्तमानपत्रें हीं दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होतीं.

पण निबंध म्हणजे कायदा नव्हे. न्यूयॉर्क संस्थानांतील एका तरुण मुलीचें चित्र एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीवर तिला न विचारतां छापलें गेलें, व अशीं सुमारें २५,००० चित्रें दुकानांतून व गुत्त्यांतून लागलीं. चित्र चांगलेंच आलें होतें, त्यांत अश्लील कांहींही नव्हतें. 'लपविण्यासारखें काय' असा प्रश्न तिला कोणीही विचारला असता. ती कोर्टांत गेली. खालच्या कोर्टांत तिची सरशी झाली. परंतु १९०२ सालीं सर्वांत वरच्या प्रांतिक न्यायालयानें, असा हक्क कायद्यांत कोठेंच नाहीं म्हणून, चारांविरुद्ध तीन मतांनीं तिचा दावा काढून टाकला. वर्तमानपत्रांनीं निकालावर असा भडिमार केला कीं, बहुमतांतील एका न्यायाधीशास त्याच्या समर्थनार्थ लेख लिहावा लागला. आणि १९०३ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा केला कीं, लेखी संमतीवांचून कोणाचें नांव किंवा चित्र व्यापारासाठीं वापरणें हा गुन्हा होय. निकाल लिहिणारे न्यायाधीश पार्कर १९०४ सालीं अध्यक्षपदासाठीं उभे राहिले, आणि छायाचित्रकार आपल्या पाठीस लागतात अशी त्यांनीं तक्रार केली. तेव्हां त्या मुलीनें उघड पत्र लिहून त्यांस त्यांच्याच निकालाचें स्मरण दिलें!

या दोन प्रसंगांतील फरक स्पष्ट आहे. १८४४ सालच्या संतापाचा पुष्कळसा भाग टिकल्यांत व विनोदांत जिरला. १९०२ सालचा संताप एका वर्षाच्या आंत कायद्याच्या कलमांत उतरला, म्हणून तो टिकला.

आमच्या देशांतही हाच क्रम दिसतो. १९५४ व १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणाचा स्वतंत्र हक्क मान्य केला नव्हता. १९८६ सालीं टपाल उघडण्याची सरकारची सत्ता वाढविणारें विधेयक संसदेंत मंजूर झालें; परंतु त्यावर टीका झाली व राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यास संमति दिलीच नाहीं. १९९६ सालीं टेलिफोन चोरून ऐकण्यावर न्यायालयानें नियम घातले. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं आधारविरुद्ध केलेल्या अर्जांतून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्यांत सरकारला ठेवलेल्या सवलतींवर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती अस्थानीं नाहीं.

आतां 'लपविण्यासारखें काय' याचा शेवटचा हिशेब करूं. २०१८ सालीं केंब्रिज अॅनॅलिटिका प्रकरण बाहेर आलें. फेसबुकवरील एका प्रश्नावलीच्या निमित्तानें घेतलेली माहिती राजकीय प्रचारासाठीं पुरविली गेली होती. फेसबुकनेंच दिलेल्या आंकड्यांप्रमाणें भारतांत ती प्रश्नावली अवघ्या ३३५ जणांनीं उघडली. परंतु त्यांच्या मित्रमंडळींसह ५,६२,००० हून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता. त्या ३३५ जणांजवळ खरोखरच लपविण्यासारखें कांहीं नसेल. पण उरलेल्यांना विचारलें कोणी? पत्राला जसे दोन धनी असतात, लिहिणारा व वाचणारा, तसेच आपल्या मोबाईलमधील प्रत्येक नांवाला व निरोपाला दोन धनी आहेत. आपण उदार होऊन देतों तें पुष्कळदां दुसऱ्याच्या मालकीचें असतें. बहिणीचा आजार, मित्राचें कर्ज, शेजाऱ्याचा फोन नंबर यांविषयीं 'माझी हरकत नाहीं' म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

आणि 'ओरडून काय होणार' याचेंही उत्तर जवळच आहे. २०२१ सालच्या जानेवारींत व्हॉट्सअॅपनें नव्या अटी मान्य करण्याविषयीं सूचना काढली. लोकांनीं गिल्ला केला, कित्येक जण दुसऱ्या साधनांकडे वळले. कंपनीनें ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढें ढकलली. आमच्याकडे गलबला शमला, बहुतेकांनीं 'मान्य' हें बटण दाबलें. युरोपांत मात्र २०१८ पासून कडक कायदा लागू असल्यानें, तेथील लोकांची माहिती वांटून घेण्याच्या रीतींत बदल होणार नाहीं, असा खुलासा कंपनीस पहिल्यापासूनच करावा लागला. एकच कंपनी, एकच साधन; पण दोन गिऱ्हाइकांशीं दोन प्रकारचें वर्तन. पुढें भारताच्या स्पर्धा आयोगानें चौकशी करून नोव्हेंबर २०२४ मध्यें तिच्या मालक कंपनीस २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला, व कंपनीनें त्यावर अपील केलें.

यावरून व्यापारी संस्था दुष्ट असतात असें आम्ही म्हणत नाहीं. गिरणीवाला दुष्ट नव्हता. त्याला पीठ खपवावयाचें होतें, आणि सुंदर चेहरा फुकट मिळत होता. ज्या वस्तूला कोणी मालक उभा राहत नाहीं, ती व्यापार उचलतो. हा त्याचा धर्मच आहे. मालक म्हणून उभें राहणें हें आपलें काम. १८४४ सालीं पाकीट दुसऱ्यानें फोडलें होतें, म्हणून राग येणें सोपें होतें. आज तें आपल्याच अंगठ्यानें उघडून आपण पुढें करतों, म्हणून राग येत नाहीं एवढेंच. तरी वर्तमानपत्र वाचून घराघरांत उमटणारें मत क्षुद्र नव्हे. जगांतील असे बहुतेक कायदे त्याच मतांतून निघाले आहेत. तें मत चहाबरोबर संपूं न देतां प्रतिनिधींच्या व न्यायासनांच्या कानांपर्यंत पोंचवावें, इतकेंच करावयाचें उरतें.