अंक की अक्षर? स्प्रेडशीटमधल्या एका निवाड्याची कुळकथा

एक्सेलमध्ये ए१ आणि ए२ या सेलांत ५ आणि ७ भरा, पण दोन्हींच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. आता ए१+ए२ असा फॉर्म्युला लिहिला तर उत्तर येतं १२. त्याच दोन सेलांची बेरीज ‘सम’ फंक्शनने केली, तर शून्य! चूक झाल्याचा संदेशही येत नाही. या वागण्याचं मूळ १९७९ सालात आहे.

त्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट ‘ॲपल टू’ संगणकावर आलं. सेलमध्ये काय भरलं जातंय, याचा निवाडा तिथे पहिल्याच कळीवर होई. अक्षर दाबलं की लेबल, म्हणजे मजकूर. अंक, अधिक, उणे किंवा कंस दाबला की व्हॅल्यू, म्हणजे संख्या किंवा फॉर्म्युला. पडद्याच्या वरच्या ओळीत तसं ‘एल’ किंवा ‘व्ही’ उमटे. त्यामुळे बी१ पासून सुरू होणारा फॉर्म्युलासुद्धा +बी१ असा लिहावा लागे, नाहीतर ‘बी’ दिसताच ते लेबल ठरे. अंकाने सुरू होणारं लेबल हवं असेल, तर आधी दुहेरी अवतरणचिन्ह. युक्ती साधी, पण फार मोलाची: दरवेळी प्रकार निवडत बसायला नको.

१९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने या चिन्हांना आणखी एक काम दिलं. एकेरी चिन्हाने मजकूर डावीकडे बसे, दुहेरीने उजवीकडे. एक्सेलमधलं एकेरी चिन्ह हा त्याच घराण्याचा वारसा.

लोटसच्या १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर तोडण्या-जोडण्याची फंक्शनं आली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. मजकुरातून कापून काढलेला ‘२५’ पुन्हा हिशेबात कसा घ्यायचा? त्यासाठी ‘व्हॅल्यू’ फंक्शन होतं. एक्सेलमध्येही ते आहे. पण गरजेप्रमाणे रूपांतर आपोआप होतं, हे फंक्शन इतर स्प्रेडशीटशी जुळावं म्हणून दिलंय, असं मायक्रोसॉफ्टची मदत-पानं सांगतात. हे अर्धंच खरं. अधिक-उण्याची चिन्हं रूपांतर करतात, ‘सम’ मात्र सेलांतला मजकूर सरळ वगळतं. म्हणून जाणकार एकाने गुणतात, शून्य मिळवतात किंवा पुढे दोन उणे चिन्हं लावतात. पहिलं उणे मजकुराची संख्या करतं, दुसरं तिचं चिन्ह पूर्ववत करतं.

वेबपानावरून उचललेल्या आकड्यांपुढे तर ही युक्तीही हरते. त्यांना अनेकदा १६० क्रमांकाचं न तुटणारं स्पेस चिकटलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, ‘ट्रिम’ला ते निघत नाही, ‘सब्स्टिट्यूट’ने काढावं लागतं. दशांशचिन्हाची अडचण वेगळी. जर्मनीत स्वल्पविराम दशांश दाखवतो, आपल्याकडे बिंदू. कोणतं चिन्ह कशासाठी, हे फॉर्म्युल्यातच सांगण्याची सोय देणारं ‘नंबरव्हॅल्यू’ एक्सेलमध्ये यायला २०१३ ची आवृत्ती उजाडली.

लिबरऑफिस कॅल्कने हा निवाडा वापरणाऱ्याच्याच हाती दिलाय. फॉर्म्युल्यात मजकूर आला तर चूक दाखवायची, शून्य धरायचं, अर्थ निःसंदिग्ध असेल तरच संख्या करायची, की स्थानिक पद्धतीने लिहिलेलीही स्वीकारायची, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. त्यातला ‘शून्य धरा’ हा पर्याय म्हणजे लोटसच्या पहिल्या आवृत्तीचा नियम.